उरलेल्या दृष्टीची शाळा

पूर्ण दृष्टी आणि पूर्ण अंधत्व यांच्या मधोमध एक विस्तीर्ण प्रदेश आहे. त्या प्रदेशात वावरणाऱ्या माणसाला समोरून कोणी येत आहे एवढे दिसते, परंतु ते कोण हे ओळखू येत नाही. वर्तमानपत्राचा मथळा त्याला वाचता येतो, पण त्याखालचा मजकूर करड्या पट्ट्यासारखा भासतो. भर दुपारी तो रस्त्याने एकटा जातो आणि दिवेलागणीला स्वतःच्याच घराच्या पायरीवर अडखळतो. लोकव्यवहाराने माणसांची आंधळे आणि डोळस अशी दोनच गटांत वाटणी केली असल्यामुळे हा माणूस दोन्हीकडे परका ठरतो. डोळस त्याला निष्काळजी समजतात, आणि तो आंधळा असल्याचे सांगू लागला तर ढोंगी समजतात. चष्मा, औषध किंवा शस्त्रक्रिया यांनी जिच्यात आणखी सुधारणा होत नाही, पण जी पुरती गेलेलीही नाही, अशा दृष्टीला आज अल्पदृष्टी असे नाव आहे.

अशा माणसाला साहाय्य कसे पोहोचले, याचा इतिहास दोन प्रश्नांभोवती घडलेला दिसतो. उरलेली दृष्टी जपून ठेवायची की वापरायची, हा पहिला प्रश्न. शिकणाऱ्याने शिक्षकाचे दार गाठायचे की शिक्षणाने शिकणाऱ्याचे, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळी शोधली. ती एकत्र येण्यास दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला.

पॅरिस येथे व्हॅलेंटिन हाउई यांनी 1785 च्या सुमारास अंध मुलांसाठी शाळा सुरू केली, तेव्हापासून अंधांच्या शिक्षणाचा अर्थ एखाद्या मोठ्या नगरातील निवासी शाळा असाच रूढ झाला. लुई ब्रेल याच शाळेचा विद्यार्थी. अशा शाळांनी अनेक मुलांचे कल्याण केले, यात शंका नाही. परंतु ज्यांची दृष्टी चाळिशीत वा साठीत गेली, ज्यांना घरदार सोडून वसतिगृहात जाणे शक्य नव्हते, अशा प्रौढांना त्या शाळांचा उपयोग नव्हता. आणि दृष्टी गमावणाऱ्यांत अशा प्रौढांचीच संख्या मोठी असते.

ही उणीव ज्याला प्रथम तीव्रतेने जाणवली, तो मनुष्य स्वतः या मधल्या प्रदेशातून गेलेला होता. विल्यम मून यांचा जन्म 1818 मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात झाला. चौथ्या वर्षी आलेल्या तापाने त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि दुसऱ्याची अधू झाली. त्या अधू दृष्टीवर त्यांनी आपले शिक्षण केले. वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास तीही मावळली, आणि ते ब्रायटन येथे अंधांना शिकवू लागले. त्या वेळच्या उठावाच्या लिप्या प्रौढ विद्यार्थ्यांच्या बोटांना उमगत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. नांगर धरून वा धुणी धुऊन राठ झालेल्या बोटांना बारीक ठिपके कसे कळावेत? मून यांनी 1845 मध्ये नवी लिपी सिद्ध केली. तिची अक्षरे रोमन अक्षरांचीच सोपी केलेली रूपे होती. ज्याने पूर्वी डोळ्यांनी वाचले होते, त्याला ती बोटांखाली जुन्या ओळखीच्या माणसासारखी भेटत. ओळीच्या शेवटी बोट हरवू नये म्हणून पुढची ओळ उलट दिशेने, उजवीकडून डावीकडे, जात असे.

लिपी झाली, तरी ती शिकवायला कोणीतरी घरी जाणे अवश्य होते. लंडनमध्ये 1855 मध्ये याच हेतूने गृहशिक्षण संस्था निघाली. तिचे शिक्षक रस्तोरस्ती हिंडून अंधांच्या बिऱ्हाडी जात, त्यांना वाचायला शिकवीत आणि पुस्तके उसनी देत. पुढे मून यांच्याच प्रेरणेने 1882 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे अशीच संस्था आणि फिरते ग्रंथालय स्थापन झाले. या चळवळीतील पुष्कळ शिक्षक स्वतः अंध होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. दारात उभा राहिलेला तो अंध शिक्षक हाच शिकणाऱ्याचा पहिला धडा असे. दृष्टी गेल्यावरही माणूस एकटा चालत येतो, पोट भरतो आणि दुसऱ्याला काही देऊ शकतो, हे त्याच्या येण्यानेच सिद्ध होई.

तथापि पायी जाणाऱ्या शिक्षकाची मर्यादा उघड होती. तो शहरातील गल्ल्यांत पोहोचला, पण विखुरलेल्या शेतवस्त्यांवर पोहोचणे त्याला अशक्य होते. तिथवर जाणारी व्यवस्था एकच होती, आणि ती म्हणजे टपाल. अमेरिकेत 1904 मध्ये अंधांसाठीची उठावाची पुस्तके ग्रंथालयांतून विनामूल्य टपालाने पाठवण्याची सोय कायद्याने झाली. त्या सोयीचे शाळेत रूपांतर केले विल्यम हॅडली यांनी. शिकागो येथील विद्यालयात शिकवणाऱ्या या गृहस्थांची दृष्टी 1915 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, गेली. त्यांनी आपले आपणच ब्रेल आत्मसात केले. आपल्यासारखे उतारवयात दृष्टी गमावलेले किती लोक एकेकटे घरी बसून असतील, या विचाराने त्यांनी आपले शेजारी आणि नेत्रवैद्य डॉ. ब्राउन यांच्या साहाय्याने 1920 मध्ये इलिनॉय राज्यातील विनेट्का गावी पत्रद्वारा शिक्षणाची शाळा काढली. त्यांची पहिली विद्यार्थिनी होती दूरच्या कॅन्सस राज्यातील एका शेतकऱ्याची पत्नी. दृष्टी गेली तरी वाचन सुटू नये, एवढीच तिची इच्छा होती. धडा टपालाने जाई, तिचे उत्तर टपालाने येई, आणि चुका दुरुस्त होऊन पुन्हा टपालाने परत जात. गुरू आणि शिष्या यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर होते; तरीही ती शाळा खरीच होती.

इकडे भारतातही निवासी शाळांचाच प्रारंभ प्रथम झाला. अमृतसर येथे 1887 मध्ये ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधांची पहिली शाळा काढली. मुंबईत 1900 मध्ये अमेरिकन मिशनची दादर येथील शाळा आणि 1902 मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी 1943 मध्ये देहरादून येथे वसतिगृह निघाले. गॅलिपोलीच्या रणभूमीवर स्वतःचे डोळे गमावलेले न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेन्झी यांनी ते नावारूपास आणले. याच काळात भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल असावी या विचाराला चालना मिळून 1951 मध्ये भारती ब्रेल निश्चित झाली, आणि देहरादूनला ब्रेल मुद्रणालय उभे राहिले. पुढच्याच वर्षी मुंबईत राष्ट्रीय अंध संघटना स्थापन झाली. अंधांचे साहित्य आपल्याकडेही विनामूल्य टपालाने जाऊ लागले. परंतु या सर्व व्यवस्थेचा आधार ब्रेल हाच होता, आणि ज्याच्या डोळ्यांत थोडी तरी दृष्टी उरली आहे, त्याच्यासाठी ब्रेल हे पूर्ण उत्तर नव्हते. अंधशाळांतून अशी कित्येक मुले असत, की जी ब्रेलच्या कागदावर नाक टेकवून ते ठिपके बोटांऐवजी डोळ्यांनीच वाचत, आणि त्याबद्दल शिक्षकांची बोलणी खात.

त्या मुलांना बोलणी का खावी लागत, हे समजण्यासाठी इतिहासाचा दुसरा धागा हाती घेतला पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकाची अशी दृढ समजूत होती, की अधू दृष्टी ही शिलकीतल्या रकमेसारखी आहे; जितकी खर्चावी तितकी ती संपत जाते. या समजुतीतून लंडनमध्ये 1908 मध्ये डॉ. जेम्स केर आणि डॉ. बिशप हार्मन यांच्या पुढाकाराने जवळचेच दिसणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग निघाला. तेथे मुलांच्या हाती छापील पुस्तक देत नसत. मुले फळ्यावर हातभर अंतरावरून मोठाली अक्षरे गिरवीत, आणि बाकीचे शिक्षण तोंडीच होई. बॉस्टनच्या अंधशाळेचे प्रमुख एडवर्ड ॲलन यांनी हा प्रयोग पाहिला, आणि 1913 मध्ये बॉस्टन व क्लीव्हलँड येथेही असे दृष्टिरक्षण वर्ग सुरू झाले. अल्पदृष्टीच्या मुलांना अंधांपासून वेगळे ओळखण्याचे श्रेय या वर्गांना दिलेच पाहिजे. पण डोळ्यांना विश्रांती द्या, वाचू नका, ताण देऊ नका, हा त्यांचा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत रुजला. आजही तो ऐकू येतो.

ही समजूत हादरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. न्यूयॉर्कमध्ये 1953 मध्ये दोन संस्थांनी अल्पदृष्टीची चिकित्सालये उघडली. तेथे डोळ्याच्या रोगाचा विचार करून न थांबता, उरलेल्या दृष्टीने या माणसाला कोणते काम करता येईल, याचा विचार होऊ लागला. त्यांचे मुख्य साधन म्हणजे साधे भिंग. पण भिंग हाती देणे आणि भिंग वापरता येणे यांत मोठे अंतर असते. दहा डायॉप्टर शक्तीच्या भिंगातून अक्षर स्पष्ट दिसायचे, तर कागद भिंगापासून दहा सेंटीमीटरवर धरावा लागतो. शक्ती दुप्पट केली, की अंतर पाच सेंटीमीटर उरते, आणि एका दृष्टिक्षेपात मावणारी अक्षरेही कमी होतात. ज्याला हे कोणी शिकवले नाही, तो भिंग पूर्वीच्या सवयीने हातभर लांब धरतो, काही दिसत नाही म्हणून निराश होतो, आणि ते कपाटात ठेवून देतो.

यापुढचे पाऊल टेक्सासच्या अंधशाळेतील शिक्षिका नॅटली बरागा यांनी टाकले. अल्पदृष्टीच्या मुलांना काही आठवडे पद्धतशीरपणे पाहण्याचे शिक्षण दिले असता, डोळ्यांची मोजलेली शक्ती तीच राहूनही, त्यांना अधिक दिसू लागते, असे त्यांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात दाखवून दिले. पाहणे हे केवळ डोळ्यांचे काम नाही. मेंदूला ते शिकावे लागते, आणि ते शिकवता येते. शिलकीतल्या रकमेची उपमा अशा रीतीने मोडीत निघाली. वापराने झिजण्याऐवजी दृष्टी वापराने तयार होते, हा नवा सिद्धांत पुढे आला. त्याच दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील गणितज्ञ सॅम्युअल जेनेन्स्की यांनी, जे लहानपणापासून स्वतः अल्पदृष्टी होते, आपल्या सहकाऱ्यांसह असे यंत्र सिद्ध केले, की ज्यात कॅमेऱ्याखाली ठेवलेले पान दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अनेक पटींनी मोठे होऊन दिसे.

असा विचार पालटला, तरी नवे शिक्षण पुन्हा मोठ्या शहरांतील मोठ्या इमारतींतच अडकले. अमेरिकन सरकारने अंध सैनिकांसाठी 1948 मध्ये शिकागोजवळ हाइन्स रुग्णालयात पहिले पुनर्वसन केंद्र काढले. तेथे काही महिने राहून सैनिक उत्तम तयार होत. पण केंद्रातील स्वयंपाकघर निराळे आणि घरचे निराळे. केंद्रात दिवा योग्य जागी असतो. घरी तो नेमका पाठीमागे असतो आणि ताटावर आपलीच सावली पडते. अल्पदृष्टीच्या माणसाला लागणारे पुष्कळसे ज्ञान त्याच्या घराशी बांधलेले असते: कोणत्या खिडकीचा प्रकाश डोळ्यांवर येतो, कोणत्या पायरीची कड रंगवली पाहिजे, पांढरा भात पांढऱ्या ताटलीत वाढण्याऐवजी गडद ताटलीत का वाढावा. गृहशिक्षण संस्थेच्या पायी हिंडणाऱ्या शिक्षकाला हे सहज दिसत असे. तज्ज्ञाला त्याच्या खोलीत बसून ते दिसत नव्हते. आपल्या देशात 1980 च्या दशकात खेड्यांतून काम करणाऱ्या पुनर्वसन कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन शिकवण्याची पद्धत पुन्हा उचलली, ती याच कारणाने.

मधल्या काळात दूरच्या माणसापर्यंत पोहोचण्याची साधने मात्र एकामागून एक येत गेली होती. त्यांत नभोवाणीचे स्थान मोठे आहे. ब्रिटनमध्ये 1926 च्या कायद्याने अंधांना रेडिओच्या परवान्याचे शुल्क माफ झाले, आणि 1929 च्या नाताळात विन्स्टन चर्चिल यांनी अंधांना रेडिओ संच मिळावेत म्हणून नभोवाणीवरून निधीचे आवाहन केले. बोलकी पुस्तके अमेरिकेत 1934 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 1935 मध्ये तबकड्यांवर निघाली. ती टपालाने घरी येत आणि ऐकून परत जात. या साधनांनी एकान्त पुष्कळ हलका केला. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने प्रत्येकात एक उणीव होती. टपालात उत्तर होते, पण ते आठवड्यांनी येई. नभोवाणी क्षणात घरी येई, पण तिला श्रोत्याचे बोलणे ऐकू येत नसे. टेलिफोनवर प्रश्नोत्तर तत्काळ होई, मात्र शिष्याने भिंग कसे धरले आहे, हे शिक्षकाला दिसत नसे. एकविसाव्या शतकात हातातील फोनवरच चित्र आणि आवाज दोन्ही ये-जा करू लागले, तेव्हा या तिन्ही उणिवा प्रथमच एकाच वेळी भरून निघण्याची शक्यता निर्माण झाली. अल्पदृष्टीचे दूरस्थ पुनर्वसन असे ज्याला म्हणतात, ते या शक्यतेतून जन्माला आले.

भारतात या सेवेची कसोटी अकस्मात लागली. 25 मार्च 2020 रोजी महासाथीमुळे सारा देश बंद झाला, आणि योगायोगाने त्याच दिवशी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नेत्र-रुग्णालयांचे पुनर्वसन विभाग ओस पडले. स्पर्शाने वस्तू ओळखणाऱ्या आणि दुसऱ्याचा हात धरून चालणाऱ्या लोकांना तर स्पर्शच वर्ज्य झाला. तेव्हा काही रुग्णालयांतील शिक्षकांनी आपल्या नोंदवह्या उघडल्या आणि एकेका रुग्णाला फोन लावण्यास आरंभ केला. आलेल्या अनुभवातून, जे पूर्वी केवळ प्रत्यक्ष भेटीत शक्य मानले जाई, त्यातील बरेचसे दुरूनही साधते असे दिसून आले. दृष्टिपटलाचा मध्यभाग बिघडलेल्या रुग्णाला नजर किंचित बाजूला वळवून, डोळ्याच्या शाबूत भागाने पाहण्यास शिकवता येते. त्याला कागद नाकाशी टेकवून हळूहळू दूर न्यायला सांगावे, अक्षर उमटले की थांबायला सांगावे, आणि मोठ्याने वाचायला लावावे. वाचण्याचा वेग आणि अडखळण्याच्या जागा कानांनीच कळतात. घरातील कोणी फोन हातात धरून खोलीभर फिरवला, तर दिवा कोठे हलवावा हेही शिक्षकाला सांगता येते.

तरीही या साधनाबद्दल अतिउत्साह असू नये. वैद्यकातील प्रयोगांची काटेकोर छाननी करणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2015 मध्ये दूरस्थ पुनर्वसनाविषयीचे संशोधन तपासले, तेव्हा तिच्या कसोटीस उतरणारा एकही पूर्ण झालेला तुलनात्मक प्रयोग आढळला नाही. असे प्रयोग त्यानंतर हाती घेण्यात आले. शिवाय पहिले भिंग कोणत्या शक्तीचे द्यावे, हे ठरवण्यासाठी डोळे समोर बसूनच तपासावे लागतात. आणि ठरलेले भिंग घरी पोहोचवायला आजही टपालच लागते. ज्या फोनवरून दृष्टीचे शिक्षण द्यायचे, त्या फोनची अक्षरेच त्या माणसाला दिसत नाहीत, ही तर मोठीच विसंगती. फोन बहुधा मुलाचा वा नातवाचा असतो, आणि तो कामावर गेला की शाळा बंद. म्हणून दूरच्या शिक्षकाला जवळच्या एका माणसाची जोड अवश्य लागते, मग तो घरचा असो वा गावातील कार्यकर्ता.

परंतु या सर्वांहून मोठा अडथळा यंत्राचा नाही, तो एका वाक्याचा आहे. 1976 मध्ये भारताने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी असंख्य लोकांना दृष्टी परत दिली. ज्यांचा रोग शस्त्रक्रियेने बरा होणारा नव्हता, त्यांना मात्र वारंवार ऐकावे लागले, की आता काही करता येणार नाही. वैद्यकीय उपचाराच्या मर्यादेपुरते ते वाक्य खरे असते. ऐकणारा ते आयुष्याविषयीचे म्हणून घरी घेऊन जातो, आणि कोपऱ्यातील खाटेवर बसून राहतो. भारताच्या 1995 च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने अल्पदृष्टीला अंधत्वाहून निराळे स्थान दिले, आणि तिची व्याख्या करताना असे म्हटले, की योग्य साधनाच्या मदतीने काम योजण्यासाठी वा पार पाडण्यासाठी जो आपली दृष्टी वापरतो, किंवा वापरू शकण्यासारखा असतो, तो अल्पदृष्टी. काय गेले याबरोबरच काय करता येईल याचाही उल्लेख कायद्याच्या व्याख्येत यावा, ही लहान गोष्ट नव्हे. 2016 च्या नव्या कायद्याने अल्पदृष्टीच्या मर्यादा अंकांत निश्चित केल्या. मोजमापासाठी ते आवश्यक होते. तथापि जुन्या व्याख्येतील तो आशय विसरला जाऊ नये.

कॅन्ससमधील त्या शेतकरी स्त्रीने पत्र पाठवले, कारण विनेट्काला एक शाळा आहे हे तिला कोणीतरी सांगितले होते. आज शाळा प्रत्येक घराच्या अधिक जवळ आली आहे. परंतु ती आहे हे नेत्रवैद्याच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच दिवशी कळले पाहिजे. औषधाचा मार्ग संपला असे सांगणाऱ्या कागदावरच पुनर्वसन शिक्षकाचा क्रमांक ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिलेला असला, तर दीड शतकांपूर्वी लंडनच्या गल्ल्यांतून निघालेला तो शिक्षक त्या माणसाच्या दारापर्यंत खऱ्या अर्थाने येऊन पोहोचेल.